पाळीव कुत्र्यांची पैदास आणि कायदा

खळ्यावरील धान्याची राखण असो वा वाड्यातील मेंढरांची, इमानी कुत्र्यावाचून शेतकऱ्याचे भागत नाही. परंतु ज्या कुत्रीला धनी असतो, तिच्या पिलांना तो बहुधा नसतो. कुत्री साधारणतः वर्षातून दोनदा माजावर येते, सुमारे ६३ दिवसांनी विते आणि एका वेतात बहुधा चार-सहा पिले देते. नको असलेली पिले बाजारतळावर सोडली जातात व पुढे मोकाट होऊन गावास उपद्रव देतात. त्यांतील एखादे पिसाळले, तर माणूस व जनावर दोहोंच्याही प्राणांवर बेतते.

म्हणून पाळीव कुत्र्यांचे निर्बीजीकरण कायद्याने सक्तीचे करावे काय, हा प्रश्न विचारार्ह आहे. केंद्र शासनाच्या २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनी पाळीव कुत्र्यांच्या लसीकरणाची व पैदास आवरण्याची जबाबदारी मालकावर, तर मोकाट कुत्र्यांची स्थानिक संस्थांवर सोपविली आहे.

गोऱ्हा खच्ची करण्यास शेतकरी कचरत नाही. कुत्र्याच्या बाबतीत मात्र गैरसमज आड येतात. शस्त्रक्रियेनंतर कुत्रे राखण सोडत नाही. आहार बेताचा न ठेवल्यास ते लठ्ठ होते, इतकेच. कुत्रीला एकदा तरी पिले होऊ द्यावीत, या समजुतीसही आधार नाही. एकच नर अनेक माद्यांना फळवू शकतो. यास्तव केवळ नरांवर शस्त्रक्रिया करून भागत नाही, माद्यांकडे प्रथम लक्ष द्यावे.

तथापि, जेथे शस्त्रक्रियेची सोय नाही, तेथे दंडाचा भार गरिबावरच पडेल. शिवाय दंडाच्या धास्तीने पुष्कळजण ‘हे कुत्रे आमचे नव्हे’ असे म्हणतील आणि दाराशी बांधलेले कुत्रेही मोकाट होईल. तेव्हा आधी नोंद, मग सोय आणि शेवटी सक्ती, हाच क्रम हितावह होय. सक्तीही प्रथम त्यांच्यावर असावी, जे आपली कुत्री मोकळी सोडतात.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी घरोघरच्या कुत्र्यांची यादी करावी व पशुवैद्यकाच्या संमतीने शिबिराचा दिवस ठरवावा. शस्त्रक्रिया भूल देऊन केली जाते. तत्पूर्वी उपाशी ठेवणे व नंतर जखम चाटू न देणे, याविषयी पशुवैद्यकाच्या सूचना पाळाव्यात.

निर्बीजीकरणाने पिसाळरोग टळत नाही. त्यासाठी प्रतिबंधक लस वेगळी व वेळोवेळी टोचावी लागते. कुत्रे चावल्यास जखम साबण व वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुऊन तत्काळ दवाखाना गाठावा. लक्षणे दिसू लागल्यावर हा रोग जवळजवळ नेहमीच प्राणघातक ठरतो.