बरणीतले औषध : मधात आणि शिरक्यात मुरवलेले

दिवाळी आटोपली की दवाखान्यातील आवाज बदलतो. बाकावर बसलेल्या दहांपैकी सहा-सातजण खोकत असतात आणि त्यातील निम्मे तरी आत येताच विचारतात, "बाई, मधातून काही घेतलं तर चालेल का?" मोरावळ्यावर लिहिले होते, त्यानंतर आलेल्या पत्रांतही हाच सूर आहे. एका भगिनीने लिहिले आहे की, त्यांची मुलगी पुण्याहून मधात बुडवलेल्या लसणाची बाटली घेऊन आली. किंमत ऐकून सासूबाईंनी कपाळावर हात मारला. असे घरी करता येईल का, असा त्यांचा प्रश्न आहे.

करता येते. मात्र लसणाचे उत्तर थोडे वेगळे आहे, ते पुढे येईल. आधी मधाविषयी.

मध टिकतो कसा, हे समजले की पुढची सारी कृती आपोआप समजते. मधात साखर इतकी दाट आणि पाणी इतके कमी असते, की त्यात पडलेल्या जंतूच्या अंगातलेच पाणी ओढले जाते आणि त्याची वाढ खुंटते. शिवाय मध मुळात आंबट गुणाचा असतो. पण त्यात पाणी मिसळले की हा गुण कमी होतो, मध आंबू लागतो, फेस धरतो आणि झाकण फुगते. आपल्याकडील सातेरी माशीच्या मधात मुळातच पाणी जरा जास्त असते. रानातून पिळून आणलेला मध तर कित्येकदा काकवीहून पातळ असतो. तो पोळीशी खुशाल खावा, मुरवण्यासाठी घेऊ नये. त्यासाठी दाट, गाळलेला, शक्यतो माहितीच्या माणसाकडचा किंवा मध उत्पादकांच्या सहकारी संस्थेचा मध घ्यावा. डिसेंबर २०२० मध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट या संस्थेने बाजारातील १३ नाममुद्रांचा मध परदेशी प्रयोगशाळेत तपासून घेतला, तेव्हा सर्व कसोट्यांवर तीनच उतरले. घरी पाण्याच्या ग्लासात थेंब सोडून किंवा कागदावर ठेवून भेसळ ओळखण्याच्या युक्त्या सांगितल्या जातात, त्यांवर माझा विश्वास नाही. साखरेचा चांगला दाट पाकही त्या परीक्षेत पास होतो.

आता कृती. सर्वांत सोपा आणि सर्वांत उपयोगी तो सुंठ-तुळशीचा मध. तुळशीची पाने धुवावीत, फडक्यावर पसरून सावलीत चार-पाच दिवस वाळवावीत. चुरगळल्यावर कुरकुर आवाज आला म्हणजे ती वाळली. काचेची बरणी गरम पाण्याने धुऊन उन्हात खडखडीत वाळवावी. आतील एक थेंब पाणीही नडते. एक वाटी मधाला वाळलेली पाने दोन मोठे चमचे, सुंठेचा एक बोटभर तुकडा ठेचून आणि हवे असल्यास जेष्ठमधाची एक काडी. मध ओतून कोरड्या लाकडी चमच्याने ढवळावे, पाने वर तरंगतात ती खाली दाबावीत. झाकण लावून बरणी फडताळात ठेवावी आणि दररोज एकदा उलटी-सुलटी करावी. दोन आठवड्यांनी मलमलीच्या स्वच्छ फडक्यातून गाळून घ्यावे. घाई असणाऱ्यांनी बरणी चुलीवर ठेवू नये. मध तापवू नये असे चरक आणि वाग्भट या दोघांनीही बजावले आहे, आणि आजचे रसायनशास्त्रही सांगते की तापवल्याने मधातील नाजूक पाचक द्रव्ये नष्ट होतात. गार रात्री मध फारच घट्ट झाला तर बरणी कोमट पाण्यात ठेवली तरी पुरे.

सारे वाळलेले असल्याने हा मध बाहेर चांगला टिकतो. ज्यांना रक्तदाब आहे त्यांनी जेष्ठमध वगळावा. रोज बरेच दिवस घेतल्यास तो रक्तदाब वाढवतो आणि शरीरातील पोटॅशियम कमी करतो.

ओल्या आल्याचा मध चवीला याहून सरस होतो, पण त्याला जपावे लागते. आले जमिनीतले असल्याने चिकटलेली माती ब्रशने घासून धुवावी, सोलून पातळ चकत्या कराव्यात आणि फडक्यावर पंख्याखाली दोन-तीन तास सुकू द्याव्यात. छटाकभर आल्याला पाव किलो मध. दुसऱ्याच दिवशी मध पातळ झालेला दिसेल, कारण त्याने आल्यातले पाणी ओढून घेतलेले असते. म्हणून ही बरणी पहिल्या दिवसापासून फ्रिजमध्ये ठेवावी आणि दोन-तीन आठवड्यांत संपवावी. फ्रिज नसेल तर सुंठच बरी. फेस आला, झाकण उघडताना फस्स आवाज झाला, दारूसारखा वास आला तर हळहळ न करता टाकून द्यावे.

हाच न्याय लसणाला लावला की पत्राचे उत्तर मिळते. लसणाच्या पाकळीतही भरपूर पाणी असते, तिला मातीतील सूक्ष्म बीजाणू चिकटलेले असतात आणि मधाखाली हवा पोचत नाही. बोट्युलिझम नावाच्या विषबाधेचा जंतू हवा नसलेल्या जागीच वाढतो. चांगला दाट मध त्याला वाढू देत नाही, पण पातळ झालेल्या मधाची हमी मी देणार नाही. महिनोन्महिने कट्ट्यावर ठेवलेला लसूण-मध मी स्वतः करीत नाही. ज्यांना हवा असेल त्यांनी घेतेवेळी एक पाकळी ठेचून चमचाभर मधात कालवावी. मुरवायचाच असेल तर लसूण शिरक्यात मुरवावा.

याच जंतूमुळे एक गोष्ट ठळकपणे सांगायची आहे. बाळ जन्मले की सोन्याच्या अंगठीने मध चाटवण्याची आणि पुढे गुटी मधात उगाळून देण्याची रीत आपल्याकडे घरोघर आहे. एक वर्ष पूर्ण होईपर्यंत बाळाला मध देऊ नये, बोटभरसुद्धा नाही. शुद्धातल्या शुद्ध मधातही हे बीजाणू असू शकतात. मोठ्या माणसाच्या आतड्यात ते रुजत नाहीत, तान्ह्या बाळाच्या आतड्यात रुजतात आणि तिथेच विष तयार करतात. १९७६ साली कॅलिफोर्नियात हा आजार प्रथम ओळखला गेला. आधी शौचाला कडक होते, मग बाळ दूध ओढण्यात कमी पडते, रडणे क्षीण होते, पापण्या जड होतात आणि अंग ढिले पडते. मध उकळला तरी हे बीजाणू मरत नाहीत. अंगावर पाजणाऱ्या आईने स्वतः मध खाण्यास हरकत नाही. आजींचा मान राखायचा असेल तर अंगठी बाळाच्या कपाळाला लावावी. माझ्या पुतणीच्या बारशाला आम्ही तसेच केले. सासूबाई दोन दिवस घुश्शात होत्या, पण बाळ मधावाचून राहिले.

एक वर्षावरील मुलांच्या खोकल्याला मात्र मध खरोखर उपयोगी पडतो. २००७ साली अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातील डॉक्टरांनी सर्दी-खोकल्याच्या १०५ मुलांवर प्रयोग करून पाहिला. काहींना झोपण्यापूर्वी मध दिला, काहींना खोकला दाबणारे नेहमीचे औषध, काहींना काहीच नाही. त्या रात्री मधवाल्या मुलांचा खोकला सर्वांत कमी झाल्याचे आई-वडिलांनी सांगितले. मुलांना अर्धा ते एक लहान चमचा मध झोपण्यापूर्वी चाटवावा, वर लगेच पाणी देऊ नये. तो घशाला लागून राहिला पाहिजे.

मोठ्यांच्या कफाला अडुळसा. याची पिकलेली पिवळी पाने धुऊन मोदकपात्रात वाफवावीत, गरम असतानाच कुटून पिळावीत, रस निवू द्यावा आणि मग एक चमचा रसात एक चमचा मध घालून घ्यावा. हे मिश्रण साठवायचे नाही, दर वेळी ताजे करायचे. अडुळशातील व्हॅसिसीन या द्रव्यावरूनच कफ पातळ करणारे ब्रोमहेक्सिन हे औषध तयार झाले, इतके त्यात तथ्य आहे. गरोदर स्त्रियांनी अडुळसा घेऊ नये, त्याने गर्भाशय आकुंचन पावते.

पूर्वी एकदा अडुळसा आणि मध यांवर मी याच सदरात लिहिले होते. त्यानंतर काही महिन्यांनी एक निवृत्त शिक्षक दवाखान्यात आले. खिशातून त्या लेखाचे घडी घातलेले कात्रण काढून त्यांनी टेबलावर ठेवले. अडीच महिने ते सकाळ-संध्याकाळ अडुळसा-मध घेत होते, अगदी लिहिल्याप्रमाणे. वजन उतरले होते, संध्याकाळी कणकण येत होती. बेडका तपासला तर क्षय निघाला. सहा महिन्यांच्या औषधाने गुरुजी बरे झाले, पण त्यांच्याजवळ झोपणाऱ्या शाळकरी नातीलाही तोवर लागण झाली होती. तिलाही तितकेच दिवस गोळ्या घ्याव्या लागल्या. मी ते कात्रण वाचून पाहिले. किती प्रमाणात घ्यावे ते होते, कशात घ्यावे ते होते. किती दिवस घ्यावे आणि केव्हा थांबून तपासणी करावी, हे मी लिहिलेच नव्हते. म्हणून आज लिहिते : खोकला दोन आठवड्यांवर गेला तर मध, काढा सारे बाजूला ठेवून सरकारी दवाखान्यात बेडका तपासून घ्यावा, तेथे तपासणी आणि क्षयाची औषधेही मोफत आहेत. बेडक्यात रक्त दिसले, धाप लागली किंवा लहान मुलाची बरगडी श्वासाबरोबर आत ओढली जाऊ लागली, तर दोन आठवडे कसले, दोन तासही थांबू नये.

आता शिरका, म्हणजे व्हिनेगर. आपल्या देशावरच्या स्वयंपाकात त्याला फारसे स्थान नाही, आपले आंबट म्हणजे चिंच, कोकम आणि लिंबू. गोव्यात मात्र माडाच्या सुरीचा शिरका घरोघर असे आणि नवसारीकडील पारशी मंडळींचे लोणचे उसाच्या शिरक्यावाचून होत नाही. बाजारात घेताना लेबल वाचावे. स्वस्त बाटलीवर ‘सिंथेटिक’ असे छापलेले असते. ते अ‍ॅसेटिक आम्लात पाणी घालून केलेले असते. पुसायला-धुवायला ठीक आहे, मुरवायला ऊस, सफरचंद, जांभूळ असल्या कशापासून आंबवून केलेला शिरका घ्यावा आणि त्याची आंबटाई ५ टक्क्यांच्या आसपास असावी. तीव्र अ‍ॅसेटिक आम्ल आणून घरी पातळ करण्याच्या भानगडीत कोणी पडू नये. त्याने अन्ननलिका भाजते.

काचेची बाटली पाण्यात दहा मिनिटे उकळून वाळवावी. सोललेला लसूण, पुदिना, गवती चहा, आल्याच्या चकत्या, मिरीदाणे, जे आवडेल ते एक भाग आणि शिरका किमान दोन भाग. पाला शिरक्याच्या वर डोके काढता कामा नये, बुरशी तिथेच धरते. पत्र्याचे झाकण शिरक्याने गंजते, म्हणून त्याखाली बटर पेपर घालावा. तांब्या-पितळेचे आणि अ‍ॅल्युमिनियमचे भांडे तर नकोच. अंधारात दोन-तीन आठवडे ठेवून गाळावे. लसूण कधी कधी हिरवा-निळा पडतो आणि घाबरून लोक बाटली ओतून देतात. लसणातील गंधकयुक्त द्रव्यांचा तो रंग आहे, विष नव्हे. असला शिरका काकडीच्या किंवा कांद्याच्या कोशिंबिरीवर चमचाभर घातला तर मीठ कमी लागते. रक्तदाबाच्या रुग्णांच्या घरी मला तोच त्याचा खरा उपयोग वाटतो.

मध आणि शिरका एकत्र करण्याची रीत फार जुनी. ग्रीक वैद्य ते वापरीत, युनानी हकीम त्याला सिकंजबीन म्हणतात, म्हणजे फारसीत सिरका आणि मध. उत्तरेकडची शिकंजी तिथूनच आली. पुदिन्याचा गाळलेला शिरका एक भाग आणि मध दोन भाग कालवून ठेवावा, उन्हाळ्यात ग्लासभर पाण्यात दोन चमचे घालून प्यावे.

नुसता शिरका मात्र कधीही पिऊ नये. दातांवरचे आवरण झिजते, घसा पोळतो. आम्लपित्त किंवा पोटात व्रण असणाऱ्यांनी त्याच्या वाटेलाच जाऊ नये. शिरक्याने चरबी झडते म्हणून रोज उपाशीपोटी घेणारे मला आठवड्यातून एक तरी भेटतात. लेबनॉनमधील तरुणांवरचा एक अभ्यास २०२४ साली त्यासाठी फार गाजला होता, पण तो छापणाऱ्या नियतकालिकानेच २०२५ मध्ये आकडेमोडीच्या शंकेवरून मागे घेतला. मधुमेहींनी शिरक्याच्या भरवशावर गोळी सोडू नये. आणि "मध नैसर्गिक आहे, साखरेला चालतो" हे तर मुळीच खरे नाही. लहान चमचाभर, म्हणजे सुमारे ७ ग्रॅम मधात ५ ते ६ ग्रॅम साखरच असते.

एका वाचकांनी विचारले आहे की, मधाची बरणी थंडीत तळापासून रवाळ झाली, दुकानदाराने फसवले काय? नाही. चांगला मधही थंडीत साखरेसारखा बसतो. बरणी तासभर कोमट पाण्यात ठेवावी, पुन्हा पातळ होईल. नाही झाली तरी रवाळ मध पोळीवर अधिक चांगला पसरतो.