डावा कार्बन, उजवा कार्बन

दक्षिणावर्ती शंख देवघरात मान मिळवतो, कारण बहुतेक शंखांची वळी दुसऱ्या दिशेची असते. कार्बनच्या काही रेणूंमध्येही अशी डावी-उजवी जोडी असते. सहा बेंझीन कडी जिन्यासारखी चढत गेली की होतो हेक्झाहेलिसीन. तो 1950च्या दशकात न्यूमन आणि लेडनिसर यांनी बनवला. प्रयोगशाळेत सहसा दोन्ही रूपे निम्मी-निम्मी तयार होतात आणि ती वेगळी करणे हेच खरे किचकट काम.

वेगळे केलेले रूप वर्तुळाकार ध्रुवित प्रकाश देते, म्हणजे त्याच्या लहरीचे विद्युतक्षेत्र पुढे सरकताना गोल फिरते. या प्रकाशाची शुद्धता ‘जी’ या अंकाने मोजतात. पूर्ण डावा प्रकाश +2, पूर्ण उजवा −2. साध्या सेंद्रिय रेणूंची मजल बहुधा 0.01च्या आतच राहते, कारण त्यांच्या उत्सर्जनात विद्युत परिणाम चुंबकीय परिणामाला झाकून टाकतो. नळकांड्याच्या आकाराच्या रेणूत मात्र इलेक्ट्रॉन भोवती फिरू शकतात आणि चुंबकीय बाजू बळावते. 2017 साली जपानी संशोधकांनी क्रायसीन या कार्बनी रेणूची चार एकके जोडून केलेल्या कड्याने 0.152 गाठले. ऐकायला मोठे, पण प्रत्यक्षात डाव्या-उजव्या प्रकाशाची वाटणी साधारण 54:46 इतकीच!

तरीही ओएलईडी पडदेवाल्यांचे इकडे लक्ष आहे. परावर्तन रोखणारा थर पडद्याचा जवळपास निम्मा प्रकाश गिळतो. योग्य दिशेने फिरणारा प्रकाश मात्र त्यातून पार होतो.