नोटीस आली नाही म्हणून पेढे

मैत्रिणींनो, आज माझ्याच घरातली चूक सांगते.

जालना जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी आमचं घर आहे. २०१९ च्या उन्हाळ्यात धाकट्या भाऊजींनी वरचा मजला चढवला आणि नकाशात नसलेली गॅलरी बोळावर चार फूट पुढे काढली. एक दिवस तपासणीला इंजिनियर आला, अगदी पोरसवदा. टेप लावून मोजलं, वहीत लिहिलं आणि म्हणाला, "काकू, ही गॅलरी मंजूर नकाशात नाही. नोटीस द्यावी लागेल."

भाऊजींनी तिथल्या तिथं एका पुढाऱ्याला फोन लावला आणि त्याच्या कानाला दिला. बिचारा "हो साहेब, हो साहेब" करत राहिला. नोटीस काही आली नाही. संध्याकाळी घरात पेढे आले. मीही खाल्ला.

पुढच्याच वर्षी, २४ ऑगस्ट २०२० ला, महाडची 'तारिक गार्डन' ही पाच मजली इमारत कोसळली. १६ माणसं गेली. चार वर्षांच्या एका लेकराला कितीतरी तासांनी ढिगाऱ्यातून जिवंत काढलं, ते टीव्हीवर बघताना पदर डोळ्याला लागला. बिल्डर, आर्किटेक्ट, आरसीसी सल्लागार यांच्यासोबत नगर परिषदेच्या अधिकाऱ्यांवरही गुन्हा दाखल झाला. त्याआधी, एप्रिल २०१३ मध्ये, मुंब्र्याजवळ शिळफाट्याला इमारत पडून ७४ जण गेले होते. पण ती तर विनापरवाना होती. महाडच्या इमारतीला कागद होते.

"मग त्या शिक्क्याचा उपयोग काय हो?" जाऊबाईंनी विचारलं. मला उत्तर येईना. ओळखीच्या एका इंजिनियरना विचारलं, तेव्हा उलगडा झाला. नकाशा मंजूर होतो म्हणजे जागा किती सोडली, उंची किती, जिना कुठे, हे बघितलं जातं. खांबात सळई किती आणि सिमेंट किती, हे बघायला सरकारी माणूस रोज उभा नसतो. मजबुतीची हमी स्ट्रक्चरल इंजिनियर सहीनं देतो. जोत्यापर्यंत काम आलं की एक तपासणी, शेवटी भोगवटा प्रमाणपत्र. आपल्या जालन्याची सळई कितीही चांगली असो, ती खांबात पुरेशी पडली का, ते शिक्का सांगत नाही.

म्हणजे तपासणीच्या फेऱ्या आधीच मोजक्या. त्याही फोननं बंद केल्या, तर उरलं काय? मुंबई महापालिकेत बेकायदा बांधकामांवर हातोडा चालवणारे उपायुक्त गो. रा. खैरनार १९९४ मध्ये निलंबित झाले, ते २००० मध्ये परत कामावर आले. एवढ्या मोठ्या अधिकाऱ्याची ही गत, तर आमच्या गावच्या त्या पोरानं काय करावं? बरं, पुढारी काही आपणहून फोन करत नाही. आपणच करायला लावतो.

आमच्या गॅलरीवर हजार लिटरची पाण्याची टाकी होती. आपल्याकडं नळाला रोज पाणी कुठलं? म्हणून टाकी. पण भरलेली टाकी म्हणजे हजार किलो वजन, आणि खाली बोळात गल्लीतली पोरं खेळतात. मी विषय काढला तेव्हा घरात दोन दिवस अबोला होता. शेवटी इंजिनियरना आणून दाखवलं. ते म्हणाले, "टाकी आजच उतरवा." उतरवली. गॅलरी मात्र अजून तशीच आहे. तो वाद चालूच आहे.

आता बचत गटात कुणी घर बांधायला किंवा फ्लॅट घ्यायला निघालं, की मी तीनच गोष्टी विचारते: मंजूर नकाशा बघितला का, मजबुतीच्या दाखल्यावर सही कुणाची, भोगवटा मिळाला का?

आणि तपासणीला कुणी आलं तर त्याला चहा द्या, टेपचं दुसरं टोक धरा. फोन मात्र लावू नका. त्या पोराला त्या दिवशी आम्ही नोटीस देऊ दिली असती, तर तिचे पेढे वाटायला हवे होते.