चारित्र्य पडताळणीचा दाखला आणि दिव्यांगांचा मदतनीस

नांदेड जिल्ह्यातील मुदखेड हे तालुक्याचे गाव फुलशेतीसाठी व रेल्वेच्या फाट्यासाठी ओळखले जाते. येथून एक लोहमार्ग उमरी-धर्माबादवरून निजामाबादकडे आणि दुसरा भोकर-किनवटवरून आदिलाबादकडे जातो. ह्या गावातील एखाद्या तरुणीस नांदेडच्या निवासी विशेष शाळेत मदतनिसाचे काम मिळाले, असे समजू. बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांना न्हाऊ घालणे, भरविणे, शौचास नेणे, रात्री त्यांच्याजवळ निजणे हे तिचे काम. रुजू होण्यापूर्वी तिच्याकडे पोलिसांच्या दाखल्याची मागणी होईल, आणि ती योग्यच होय. आता ह्याच तरुणीस शाळेऐवजी एका घरी, पंचवीस वर्षे वयाच्या व मेंदूच्या पक्षाघाताने अंथरुणास खिळलेल्या मुलीच्या शुश्रूषेस ठेवले, तर दाखला मागण्याचे बंधन कोणावरच येत नाही. काम तेच, शारीरिक जवळीक तीच, सेव्य व्यक्तीची असहायता कदाचित अधिकच. फरक केवळ वयाचा. हा फरक कोठून आला आणि जेथे दाखला मागितला जातो तेथे तरी त्याने नेमके काय सिद्ध होते, ह्या दोन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

प्रथम दाखल्याचे स्वरूप पाहू. बोलण्यात ज्यास ‘पोलीस व्हेरिफिकेशन’ किंवा ‘कॅरेक्टर सर्टिफिकेट’ म्हणतात, त्याचे शासकीय नाव चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्र. अर्ज संगणकीय प्रणालीवर भरावयाचा असून त्यास छायाचित्र, ओळखीचा व रहिवासाचा पुरावा, जन्मतारखेचा पुरावा आणि बहुधा नोकरी देणाऱ्या संस्थेचे पत्र जोडावे लागते. अर्ज अर्जदाराच्या रहिवासाच्या पोलीस ठाण्याकडे जातो. ठाण्यात गुन्ह्यांच्या अभिलेखांत नाव शोधले जाते, अर्जदारास समक्ष बोलाविले जाते, आणि ठाण्याचा अहवाल गेल्यावर जिल्हा पोलीस अधीक्षकांच्या कार्यालयातून प्रमाणपत्र निघते. परदेशी जाणाऱ्यास लागणारे पोलिसांचे निर्वेधपत्र ह्याहून निराळे; ते पारपत्र कार्यालयाकडून मिळते. दोहोंची गल्लत होऊन अर्जदाराचे दिवस फुकट जातात, म्हणून एवढा उल्लेख केला.

‘चारित्र्य’ हा शब्द येथे फसवा आहे. प्रमाणपत्र चारित्र्याविषयी काहीच सांगत नाही. ते एवढेच सांगते की, अमुक तारखेस उपलब्ध अभिलेखांत ह्या व्यक्तीविरुद्ध प्रतिकूल नोंद आढळली नाही. दाखला हातात पडल्याच्या दुसऱ्या दिवशी गुन्हा नोंदविला गेला, तर तो आपोआप रद्द होत नाही, आणि संस्थेस त्याची वार्ता देणारी व्यवस्थाही त्यात नाही. पूर्वी गावगाड्यात ही उणीव माणसांच्या ओळखीने भरून निघे. १९६७ च्या महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियमाखाली नेमलेला पोलीस पाटील गावची खबर ठाण्यास पोहोचविण्यास आजही बांधील आहे. परंतु तो एका गावाचा जाणता असतो. मुदखेडसारख्या ठिकाणी माणसे वर्षानुवर्षे निजामाबाद, हैदराबादकडे कामास राहून परततात. त्यांच्या आयुष्याचा मधला भाग दुसऱ्या राज्याच्या पोलिसांच्या दप्तरी असतो. ठाण्यांना संगणकाने जोडणारी गुन्हे व गुन्हेगार शोध प्रणाली हा दुवा सांधण्यासाठीच उभारण्यात आली आहे. पण नावाच्या लेखनात भेद पडला, मराठीतले आडनाव तेलुगू वळणाने लिहिले गेले, किंवा वडिलांच्या नावाच्या जागी पतीचे नाव आले, तर शोध रिकाम्या हाताने परततो.

आता बंधन कोठून येते ते पाहू. बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण करणाऱ्या २०१२ च्या अधिनियमाखालील नियम २०२० साली नव्याने करण्यात आले. त्यांतील तिसऱ्या नियमानुसार बालकांना आश्रय देणाऱ्या किंवा त्यांच्याशी नित्य संबंध येणाऱ्या प्रत्येक संस्थेने आपल्या सर्व सेवकांची, मग ते शिक्षक असोत वा शिक्षकेतर, कायम असोत वा कंत्राटी, पोलीस पडताळणी ठराविक कालांतराने करून घेतली पाहिजे. ‘ठराविक कालांतराने’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. एकदा घेतलेला दाखला फायलीत लावून ठेवणे हे नियमाचे पालन नव्हे. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या एका शाळेत दोन बालिकांवर अत्याचार झाल्याची तक्रार पुढे आली व त्यात कंत्राटी सफाई कामगारावर आरोप झाला. त्यानंतर राज्य शासनाने त्याच महिन्यात शासन निर्णय काढून शाळांतील कर्मचाऱ्यांच्या चारित्र्य पडताळणीचा पुन्हा आग्रह धरला. विशेष शाळेतील मदतनिसाकडे आज दाखला मागितला जातो तो ह्या नियमांच्या बळावर. म्हणजे दिव्यांगत्वामुळे नव्हे, तर तिच्या हाताखालची मुले ‘बालक’ आहेत म्हणून.

आणि बालक म्हणजे अठरा वर्षांखालील व्यक्ती. ह्या व्याख्येची कड किती तीक्ष्ण आहे, ते सर्वोच्च न्यायालयाच्या जुलै २०१७ मधील ‘इरा’ प्रकरणावरून कळते. मेंदूचा पक्षाघात असलेल्या अडतीस वर्षांच्या स्त्रीवर अत्याचार झाल्याची तक्रार होती. तिचे मानसिक वय सहा ते आठ वर्षांच्या मुलीइतके असल्याने तिला ह्या अधिनियमापुरते बालक मानावे, असा युक्तिवाद तिच्या आईने केला. अधिनियमातील वय म्हणजे जन्मापासून मोजलेले वय होय, त्यात मानसिक वयाचा समावेश करणे म्हणजे न्यायालयाने कायदा करणे होईल, असे म्हणून न्यायालयाने तो अमान्य केला. अन्वयाच्या दृष्टीने निर्णयात वावगे काही नाही. किंबहुना दिव्यांग प्रौढास कायमचे मूल समजण्याची प्रवृत्ती त्याच्या हक्कांनाच मारक ठरली असती. परंतु प्रौढासाठी निराळी तरतूद असावयास हवी होती, ती मात्र नाही.

२०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमात एकवीस प्रकारच्या दिव्यांगत्वांची गणना आहे. त्याच्या दुसऱ्या कलमातच काळजीवाहकाची व्याख्या आहे: मोबदला घेऊन वा न घेता दिव्यांग व्यक्तीस आधार देणारी कोणीही व्यक्ती, आईवडील धरून. सातव्या कलमात छळ, हिंसा व शोषण ह्यांपासून संरक्षणाची हमी असून कार्यकारी दंडाधिकाऱ्यास अधिकार दिले आहेत. संस्थांना पन्नासाव्या कलमान्वये नोंदणी सक्तीची आहे. ब्याण्णवाव्या कलमात दिव्यांग बालकाच्या किंवा स्त्रीच्या इच्छेवर वर्चस्व गाजविण्याच्या स्थितीचा गैरफायदा घेऊन लैंगिक शोषण करणाऱ्यास सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत कारावास सांगितला आहे. भारतीय न्याय संहितेच्या चौसष्टाव्या कलमातही मानसिक वा शारीरिक दिव्यांगत्व असलेल्या स्त्रीवरील बलात्कार हा अधिक गंभीर प्रकार मानला आहे. म्हणजे काळजीवाहकाच्या हाती असलेल्या सत्तेची कायद्यास पुरेपूर जाणीव आहे. ती शिक्षेच्या कलमांत प्रकट होते, नेमणुकीच्या वेळी मात्र नाही. ह्या अधिनियमाच्या मजकुरात काळजीवाहकाच्या पोलीस पडताळणीचा उल्लेखही नाही. भारतीय पुनर्वास परिषदेच्या १९९२ च्या अधिनियमाने विशेष शिक्षक, वाक्‌चिकित्सक आदी व्यावसायिकांची केंद्रीय नोंदवही निर्माण केली असून तीतून गैरवर्तनाबद्दल नाव काढून टाकता येते. पण सामान्य मदतनीस आणि आया ह्या नोंदवहीच्या बाहेर राहतात, आणि रात्री अंथरुणापाशी त्याच असतात.

ह्यावर साहजिकच सुचणारा उपाय असा की, प्रौढांच्या मदतनिसांसही पडताळणी सक्तीची करावी. उपाय योग्य आहे, पण तो पुरेसा मानण्यापूर्वी अभिलेख कसा तयार होतो ते पाहिले पाहिजे. पोलिसांची नोंद तक्रारीतून जन्मते. ज्या व्यक्तीस बोलता येत नाही, जिचे बोलणे घरच्यांखेरीज कोणास समजत नाही, किंवा जी तक्रार केल्यास उद्या जेवण कोण भरवील ह्या भीतीखाली असते, तिच्यावरील अत्याचाराची नोंदच होत नाही. नोंद झालीच तर ‘तिला काय कळते’ ह्या शेऱ्याने ती बुजविली जाते. कायद्याने ह्या बाबतीत बरीच वाट सुकर केली आहे: दिव्यांग पीडितेचा जबाब तिच्या घरी, दुभाषा किंवा विशेष शिक्षकाच्या मदतीने घेता येतो, आणि भारतीय साक्ष अधिनियमाच्या एकशे पंचविसाव्या कलमान्वये बोलू न शकणाऱ्या साक्षीदाराने खुणेने वा लिहून दिलेली साक्ष तोंडी साक्षच मानली जाते. एप्रिल २०२१ मध्ये पाटण जमाल वली प्रकरणी, एका जन्मांध स्त्रीने आवाजावरून ओळखलेल्या आरोपीची दोषसिद्धी कायम करताना, दिव्यांग साक्षीदाराची साक्ष केवळ त्या कारणाने दुबळी ठरत नाही असे सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले. पण ही वाट न्यायालयाच्या दारापासून पुढची आहे. दारापर्यंत आणणारा माणूस बहुधा काळजीवाहकच असतो. म्हणून ज्या क्षेत्रात दाखल्याची सर्वाधिक गरज आहे, त्याच क्षेत्रात कोरा दाखला सर्वांत कमी विश्वासार्ह ठरतो.

पनवेलजवळील कळंबोली येथील बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलींच्या निवासगृहातील अत्याचार २०११ साली उघडकीस आले ते कोणा मुलीच्या तक्रारीने नव्हे. अशा गृहांच्या दुरवस्थेची मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली होती आणि त्यासाठी नेमलेली समिती पाहणीस गेली, म्हणून ते कळले. मार्च २०१३ मध्ये सत्र न्यायालयाने ज्यांना दोषी ठरविले, त्यांत संस्थेचा संचालकही होता. शिक्षेचे स्वरूप पुढे उच्च न्यायालयात बदलले. सेवकांकडून दाखले गोळा करून फायलीत लावणारा अधिकारी तोच, आणि त्याची पडताळणी करणारा कोणीच नाही, अशी ही स्थिती होती.

दाखल्याची दुसरी बाजू मराठवाड्यात तरी विसरता येणार नाही. येथे कोऱ्या अभिलेखापेक्षा काळ्या अभिलेखाचा प्रश्न उभा राहतो. १८७१ पासूनच्या गुन्हेगार जमाती कायद्याने पारधी, कैकाडी आदी समाजांना जन्मतः संशयित ठरविले. हैदराबाद संस्थानातही त्याच धर्तीची व्यवस्था होती. हा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला, पण ठाण्यांची सवय कायद्याबरोबर रद्द होत नाही. चोरी झाली की वस्तीतील पोरे उचलून आणावयाची, पुढे पुराव्याअभावी सोडावयाची, ह्या प्रघाताचे अवशेष अभिलेखांत राहतात. विमुक्त समाजांच्या व्यक्तींना मनमानी अटकेस सामोरे जावे लागू नये, असे सर्वोच्च न्यायालयास ऑक्टोबर २०२४ मधील सुकन्या शांता प्रकरणीही सांगावे लागले. अशा वस्तीतील स्त्री मदतनिसाच्या कामास आली, तर भावाच्या वा नवऱ्याच्या नावावरील नोंदीचे सावट तिच्यावर पडू नये, ह्याची काळजी कोण घेणार? कायद्याची भूमिका येथे बरीच समंजस आहे. २०१५ च्या बाल न्याय अधिनियमाचे चोविसावे कलम बालपणी हातून घडलेल्या अपराधामुळे येणारी अपात्रता बहुतांशी दूर करते. अवतार सिंग प्रकरणी २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने असे सांगितले की, उमेदवाराने माहिती दडविली म्हणून यांत्रिकपणे काढून न टाकता अपराध क्षुल्लक होता की गंभीर, निर्दोष सुटका कशी झाली, पद कोणते, हे पाहून निर्णय घ्यावा. तो निवाडा शासकीय सेवेपुरता असला, तरी खाजगी संस्थांनी त्यातील विवेक उचलावयास हरकत नाही. अर्जदारासाठी त्यातून निघणारा व्यावहारिक धडा साधा आहे: अर्जात विचारलेली गोष्ट लपवू नये, आणि निर्दोष सुटका झाली असल्यास निकालाची प्रत जोडावी.

पाश्चात्त्य देशांचा अनुभव येथे उपयोगी पडतो, तो अनुकरणासाठी नव्हे तर तुलनेसाठी. इंग्लंडमधील सोहम गावी २००२ साली एका शाळेच्या रखवालदाराने दहा वर्षांच्या दोन मुलींचा खून केला. त्याच्याविरुद्ध दुसऱ्या परगण्यातील पोलिसांकडे पूर्वी अनेक तक्रारी आल्या होत्या. दोषसिद्धी एकाही लैंगिक अपराधात झालेली नव्हती, आणि ती माहिती नव्या मालकापर्यंत पोहोचलीच नाही. चौकशीनंतर २००६ साली झालेल्या कायद्याने मनाई केलेल्या व्यक्तींच्या दोन याद्या ठरविल्या: एक बालकांसोबत काम करण्यास, दुसरी परावलंबी प्रौढांसोबत. प्रौढांची ही स्वतंत्र यादी हाच आपल्याकडील उणिवेचा नेमका प्रतिपक्ष होय. ऑस्ट्रेलियात फेब्रुवारी २०२१ पासून राष्ट्रीय दिव्यांग विमा योजनेसाठी मदतनिसांची छाननी सुरू झाली. तेथील मंजुरी पाच वर्षे चालते, देशभर ग्राह्य असते, गुन्ह्यांखेरीज कामावरील गैरवर्तनाचाही विचार करते, आणि मुदतीच्या काळात नवी नोंद झाल्यास ती काढून घेता येते. मेलबर्न वा सिडनी येथे शिकता शिकता हे काम करणारा मराठी विद्यार्थी ह्या छाननीतून जातो. तोच सुटीत गावी येऊन आपल्या दिव्यांग आजीसाठी बाई ठेवतो, तेव्हा शेजाऱ्याच्या शिफारशीवर भागवितो.

आपल्याकडे सामग्री अगदीच नाही असे नव्हे. लैंगिक अपराध्यांची राष्ट्रीय माहितीसूची सप्टेंबर २०१८ पासून अस्तित्वात आहे. ती केवळ पोलिसांस खुली आहे, आणि ते उचितच आहे. पण पडताळणीच्या वेळी ठाण्याने ती पाहिली किंवा नाही, हे संस्थेस दाखल्यावरून समजावयास हवे. पुनर्वास परिषदेने मेलबर्न विद्यापीठाच्या सहकार्याने मे २०२१ मध्ये आरंभिलेल्या सहा महिन्यांच्या अभ्यासक्रमातून तयार होणाऱ्या ‘दिव्यांग मित्रां’ची नोंद केंद्रीय नोंदवहीत व्हावी अशी योजना आहे. ज्याचे नाव नोंदवहीत आहे, त्याचे ते काढताही येते. मदतनिसांच्या बाबतीत एवढी एक गोष्ट साधली तरी पोलीस ठाण्याच्या पलीकडे, कामावरील वर्तनाचा म्हणून एक स्वतंत्र अभिलेख प्रथमच उभा राहील. राज्यात डिसेंबर २०२२ पासून दिव्यांग कल्याणाचा स्वतंत्र विभाग आहे. २०११ च्या जनगणनेप्रमाणे महाराष्ट्रातील दिव्यांगांची संख्या सुमारे २९ लक्ष ६३ हजार होती, आणि त्यांतील बहुसंख्यांची सेवा संस्थेत नव्हे, घरी होते. घरी ठेवलेल्या मदतनिसाचा दाखला मागण्याचा अधिकार त्या दिव्यांग व्यक्तीस किंवा तिच्या पालकास असावा, संस्थेच्या पत्रावाचून असा अर्ज स्वीकारला जावा आणि त्याचा खर्च गरीब मदतनिसाच्या माथी पडू नये, ह्यासाठी नव्या अधिनियमाची आवश्यकता नाही. विभागाचा एक शासन निर्णय पुरेल. त्याच निर्णयात संस्थाचालकांची पडताळणी जिल्हा कार्यालयाने परस्पर करावी, आणि पाहणी पूर्वसूचनेवाचून व दिवसाप्रमाणेच रात्रीही व्हावी, ही दोन वाक्ये घालावी लागतील.