व्हिसा नाकारला, शिक्षण नाही!

मागच्या पावसाळ्यात भोकरदन तालुक्यातील एक बापलेक जालन्याला आमच्या कचेरीत आले. मुलाला परदेशी विद्यापीठात प्रवेश मिळालेला. वडील जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत रोजंदारीवर. मुलाचा बुद्धविहारात सत्कार झाला होता, चौकात बॅनर लागले होते. आणि हातात होते व्हिसा नाकारल्याचे पत्र. वडील एवढेच म्हणाले, "वकीलसाहेब, चौकातलं बॅनर अजून उतरवलं नाही हो."

आम्ही ते पत्र वाचले. मुलाच्या गुणवत्तेबद्दल त्यात एक शब्दही नव्हता. आक्षेप एकच होता: बँक खात्यात आठ दिवसांपूर्वी एकदम जमा झालेली रक्कम कोठून आली, याचा पुरावा नाही. ती रक्कम खरी होती. काकांनी बैलजोडी विकली, मामांनी पतपेढीतून उचल घेतली. मात्र घामाच्या पैशाला पावती नसते आणि व्हिसा अधिकाऱ्याला फक्त पावती दिसते. ज्या समाजाच्या तीन पिढ्यांचा व्यवहार रोखीत झाला, त्याच्याकडे सहा महिन्यांचे भरलेले पासबुक कोठून येणार? नियम सर्वांना सारखा आहे. पण तो सर्वांना सारखा जड नाही.

पत्र आल्यावर एजंटाने सुचवले होते, "बनावट स्टेटमेंट लावू, काम होऊन जाईल." आम्ही त्याला स्पष्ट विरोध केला. ब्रिटनमध्ये खोटे कागद पकडले गेले तर दहा वर्षांची बंदी येऊ शकते. अमेरिकेत तर खोट्या माहितीमुळे कायमची दारे बंद होऊ शकतात. पंचशीलातील चौथे शील येथे कायद्याच्या भाषेतही खरे ठरते. आधीचा नकारही लपवू नये. पुढच्या अर्जात तसा प्रश्न असतो, आणि नोंद त्यांच्याकडे असतेच.

मग करायचे काय? पहिले, नकाराचे कारण शब्दशः वाचावे. दुसरे, फेरतपासणी मागायची की नवा अर्ज करायचा, हे ठरवावे. ब्रिटनबाहेरून केलेला विद्यार्थी व्हिसाचा अर्ज नाकारला गेला तर २८ दिवसांत प्रशासकीय फेरतपासणी मागता येते. परंतु ती अधिकाऱ्याची चूक झाली असेल तरच उपयोगी, नवे कागद तेथे सहसा पाहिले जात नाहीत. कागद आपलेच कमी पडले असतील तर नवा अर्ज बरा. अमेरिकेच्या २१४(ब) कलमाखालील नकारावर अपील नाही; फी भरून पुन्हा अर्ज करता येतो. तिसरे, पैशाचा नियम आधीच समजून घ्यावा. ब्रिटनसाठी रक्कम दाखवायची असेल तर ती सलग २८ दिवस खात्यात हवी. खाते स्वतःचे किंवा आईवडिलांचे चालते, काका-मामांचे नाही. बँकेचे शैक्षणिक कर्ज किंवा शासनाच्या शिष्यवृत्तीचे पत्र असेल तर वेगळा मार्ग मिळतो. चौथे, विद्यापीठाला त्याच दिवशी कळवून प्रवेश पुढच्या सत्रात ढकलण्याची विनंती करावी.

या मुलाने तेच केले. कर्जमंजुरीचे पत्र घेतले, प्रवेश पुढे ढकलून घेतला, खरे कागद लावून नवा अर्ज केला. जानेवारीच्या सत्राला तो रुजू झाला.

बाबासाहेबांची १९१७ साली बडोद्याची शिष्यवृत्ती संपली आणि लंडनचे शिक्षण अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. परंतु येताना त्यांनी चार वर्षांच्या आत शिक्षण पुन्हा सुरू करण्याची परवानगी विद्यापीठाकडून घेतली होती. सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून, पैसे जमवून, शाहू महाराजांचे साहाय्य व मित्र नवल भथेना यांचे कर्ज घेऊन ते १९२० मध्ये पुन्हा लंडनला गेले. रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंधही परीक्षकांनी फेरलेखनासाठी परत केला. तो पुन्हा सादर करून १९२३ मध्ये त्यांनी डी. एस्सी. मिळवली. अडथळा आला तेव्हा त्यांनी कागद फाडला नाही, पुन्हा लिहिला.

आता थोडे आपल्याबद्दल. राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीत दरवर्षी ७५ विद्यार्थ्यांची निवड होते. निवड यादी उशिरा लागली तर सप्टेंबरच्या सत्रासाठी व्हिसाचे कागद जमवायला वेळच उरत नाही. यादी मे अखेर लावा, ही मागणी चळवळीने रेटली पाहिजे. आणि अंबड, परतूर, मंठा, जाफराबाद, प्रत्येक तालुक्यातील एका तरी विहारात महिन्यातून एक रविवार कागदपत्रांसाठी राखून ठेवावा. टी.सी. आणि पासपोर्टावरील नावातील फरक, वडिलांच्या नावाचे खाते, जन्माचा दाखला, हे सारे वर्षभर आधी दुरुस्त होऊ शकते. तेथे एक वकील, एक बँक कर्मचारी आणि एक शिक्षक बसला तरी पुरे.

सत्काराचा हार आपण उत्साहाने आणतो. हार थोडा उशिरा आणला तरी चालेल. मुलाची फाईल मात्र वेळेत तयार झाली पाहिजे. जयभीम!