मूल बोलत नाही, की त्याला ऐकू येत नाही?

दोन वर्षांपूर्वीच्या भाऊबीजेची गोष्ट आहे. पुणे-सोलापूर महामार्गावर उरुळी कांचन मागे पडले की यवतच्या अलीकडे कासुर्डी लागते. तेथे आमच्या घराण्याचे किराणा व भुसार मालाचे दुकान तीन पिढ्यांपासून आहे. बँकेच्या नोकरीमुळे माझे आयुष्य बदलीच्या गावांत गेले. परंतु दिवाळीला सारे कुटुंब त्या जुन्या घरी एकत्र येते. त्या वर्षी सर्वांच्या कौतुकाचा विषय होता माझ्या पुतण्याचा सव्वादोन वर्षांचा मुलगा. गुटगुटीत, हसरा, कोणाच्याही कडेवर जाणारा. पण बोलत नव्हता. 'मम्' आणि 'बा' हे दोन उच्चार सोडले, तर बाकी सारे बोटाने दाखवणे.

या न बोलण्यावर घरातील प्रत्येकाजवळ उत्तर तयार होते. वहिनींच्या मते मुलगे उशिराच बोलतात. पुतण्याच्या मते दोष मोबाइलचा होता. कोणी म्हणाले, घरात मारवाडी, बाहेर मराठी आणि नर्सरीत इंग्रजी, मूल गोंधळणारच. मीही मागे राहिलो नाही. "याचा बापही अडीच वर्षांनी बोलला, आणि आज दुकानात गिऱ्हाइकाला बोलू देत नाही," असे सांगून मी सर्वांना हसवले. त्याच सकाळी चार हाका मारूनही वळून बघत नाही, म्हणून मी त्या बाळाला 'हट्टी' म्हणून रागावलो होतो, हे मात्र कोणाला सांगितले नाही.

ओवाळणी आटोपल्यावर माझी धाकटी बहीण जवळ येऊन बसली. ती गेली अनेक वर्षे श्रवणयंत्र वापरते. हळू आवाजात म्हणाली, "दादा, हा पोरगा माझ्यासारखा बघतोय. आपण बोलताना डोळ्यांकडे नाही, ओठांकडे बघतोय. एकदा याचे कान दाखवा."

तिचे हे वाक्य मला का लागले, ते सांगणे आवश्यक आहे. लहानपणी तिचे कान वाहत असत. त्या काळच्या समजुतीप्रमाणे कोमट तेल कानात घातले जाई, कापसाचा बोळा लावला जाई आणि 'मोठी झाली की थांबेल' असे म्हणून विषय मिटे. शाळेत ती मागच्या रांगेत बसे, विचारलेले तिला कळत नसे. चौथीनंतर शाळा सुटली. घरात आणि नात्यात ती 'डोक्याने जरा मंद' ठरली. चाळिशी उलटल्यावर जेव्हा तिची रीतसर तपासणी झाली, तेव्हा कळले की दोन्ही पडद्यांना जुनी छिद्रे आहेत. बुद्धीत काहीच उणे नव्हते. आयुष्यभर लोकांच्या ताळेबंदांतील चुका शोधणाऱ्या माझ्या नजरेला घरातील ही चूक चाळीस वर्षे दिसली नाही.

पडद्यामागचे पाणी

दिवाळीनंतर आठच दिवसांत आम्ही बाळाला पुण्यातील कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे नेले. त्यांनी दुर्बिणीतून कान पाहिले आणि सांगितले, "दोन्ही पडद्यांच्या मागे पाणी साठले आहे." सूनबाई एकदम म्हणाली, "डॉक्टर, अंघोळीच्या वेळी मी फार जपते हो." त्यावर डॉक्टरांनी जे समजावले, ते प्रत्येक घराने समजून घेण्याजोगे आहे.

हे पाणी अंघोळीचे नव्हे. बाहेरचे पाणी शाबूत पडद्यापलीकडे जाऊ शकत नाही. पडद्याच्या आत मध्यकर्ण नावाची हवेने भरलेली लहानशी पोकळी असते. तिच्यात हातोडा, ऐरण आणि रिकीब ही तीन नाजूक हाडे पडद्याची कंपने आतील कानापर्यंत पोहोचवतात. या पोकळीत ताजी हवा यावी, म्हणून नाकाच्या मागील भागापासून तेथवर एक बारीक नळी असते. तिला युस्टेशियन नलिका म्हणतात. मोठ्या माणसात ही नळी तिरकी व लांब असते. लहान मुलात ती आखूड आणि जवळजवळ आडवी असते. सर्दी झाली, ॲलर्जी झाली किंवा नाकामागील ॲडिनॉइड ही ग्रंथी वाढली की नळी नीट उघडत नाही. पोकळीतील हवा शोषली जाते आणि तिची जागा आतूनच पाझरणारा द्राव घेतो. तो बरेच दिवस राहिला तर डिंकासारखा चिकट होतो.

या विकाराची लबाडी अशी की, बहुधा तो दुखत नाही. ताप नाही, कान वाहणे नाही, रडणे नाही. कानात कापसाचे बोळे घालून जग ऐकावे, तसे त्या बाळाचे होते. दरवाजा आपटला तर ते वळते, ताट पडले तर दचकते, त्यामुळे घरच्यांना वाटते की ऐकू तर येते. पण सरासरी २५ ते ३० डेसिबलची घट झाली, तरी कुजबुज हरवते आणि स, श, त, फ यांसारखी हळू उच्चारली जाणारी व्यंजने पुसट होतात. जे अक्षर नीट कानी पडले नाही, ते जिभेवर कोठून येणार?

तीन महिन्यांची मुदत

बाळाची टिम्पॅनोमेट्री नावाची तपासणी झाली. कानात हवेचा दाब किंचित बदलून पडदा किती हलतो, ते यात नोंदले जाते. निरोगी कानाच्या आलेखात डोंगरासारखे टोक दिसते. याच्या दोन्ही कानांत रेषा सपाट होती. ऐकण्याची चाचणी झाली, त्यात मध्यम स्वरूपाहून थोडी कमी अशी घट आढळली. आम्हांला वाटले, आता औषधांची यादी मिळेल. डॉक्टरांनी मात्र सांगितले, "तीन महिने थांबू."

पुतण्या अस्वस्थ झाला. परंतु कारण ऐकल्यावर पटले. बहुतांश मुलांत हे पाणी तीन महिन्यांच्या आत आपोआप ओसरते. प्रतिजैविके, सर्दीची औषधे वा ॲलर्जीच्या गोळ्या यांनी ते लवकर जाते, असे आढळलेले नाही. म्हणून केवळ या पाण्यासाठी त्या देऊ नयेत, असे आजचे वैद्यकशास्त्र सांगते. थांबणे म्हणजे दुर्लक्ष करणे मात्र नव्हे. तारीख ठरवून पुन्हा तपासणी करणे हाच त्यातील उपचार आहे.

बँकेतील माणसाला हे समजायला वेळ लागला नाही. २००४ सालच्या मार्चपासून आमच्याकडे ९० दिवसांचा नियम आला: हप्ता ९० दिवसांहून अधिक थकला की ते खाते अनुत्पादक ठरते आणि मग कारवाई टाळता येत नाही. पहिल्या महिन्यात कर्जदाराच्या दारी जप्ती नेणारा अधिकारी जसा चुकतो, तसाच वर्षभर 'देतील हो' म्हणून बसणाराही चुकतो. कानाच्या पाण्याचेही तेच. घाई नको आणि विसरही नको.

तीन महिन्यांनी रेषा सपाटच होती. शिवाय बाळ तोंड उघडे ठेवून झोपे, घोरत असे. मग पूर्ण भूल देऊन लहानशी शस्त्रक्रिया झाली. पडद्याला सूक्ष्म छेद देऊन आतील चिकट द्राव काढला आणि छेदात ग्रोमेट नावाची अगदी चिमुकली नळी बसवली; वाढलेल्या ॲडिनॉइडही काढल्या. बंद पडलेल्या युस्टेशियन नलिकेचे काम ती नळी काही काळ करते, म्हणजे मध्यकर्णाला बाहेरून हवा देते. १९५४ साली अमेरिकेतील डॉक्टर आर्मस्ट्राँग यांनी ही पद्धत रूढ केली. साधारणपणे सहा महिने ते वर्ष-दीड वर्षात नळी आपोआप गळून पडते व पडदा बहुधा भरून येतो. क्वचित छिद्र राहू शकते, काही मुलांत पाणी पुन्हा साठते. म्हणून पुढील तपासण्या चुकवायच्या नसतात. शस्त्रक्रिया नको असेल, तर काही काळ श्रवणयंत्र वापरण्याचाही पर्याय असतो.

बाळ त्याच संध्याकाळी घरी आले. दुसऱ्या दिवशी दुकानाच्या ओट्यावर बसलेले असताना महामार्गावरून ट्रकचा हॉर्न वाजला आणि त्याने दोन्ही कानांवर हात ठेवले. सूनबाईने मला फोन केला, तेव्हा ती हसत होती की रडत होती, हे मला कळले नाही.

आपल्या घरांसाठी काही नोंदी

एक गोष्ट आधी स्पष्ट करावी. न बोलणाऱ्या प्रत्येक मुलाच्या कानात पाणी असते असे नाही, आणि पाणी असलेले प्रत्येक मूल उशिरा बोलते असेही नाही. जन्मजात बहिरेपणा, स्वमग्नता, बौद्धिक विकासातील विलंब अशी अन्य कारणेही असू शकतात. परंतु कारण कोणतेही असो, पहिली पायरी एकच: श्रवणाची तपासणी. ती कोणत्याही वयात होऊ शकते. नवजात बाळाची चाचणी ते झोपेत असतानाही होते. जन्मावेळची चाचणी ठीक आली, तरी नंतर साठणारे पाणी तिच्यात दिसणार नाही, हेही लक्षात ठेवावे.

ढोबळ मोजमाप असे. वर्षाच्या आसपास एखादा अर्थपूर्ण शब्द यावा व नावाने हाक मारल्यास मूल वळावे. दीड वर्षाला काही मोजके शब्द असावेत. दोन वर्षांना पन्नासच्या आसपास शब्द आणि 'पाणी दे', 'बाबा आले' अशी दोन शब्दांची जोडणी यावी. तीन वर्षांच्या मुलाचे बरेचसे बोलणे परक्या माणसालाही कळावे. यात मागे असेल, तर 'बोलेल हळूहळू' म्हणून थांबू नये. वयाची पहिली तीन वर्षे भाषा शिकण्यासाठी सर्वांत मोलाची असतात.

याशिवाय मूल टीव्हीचा आवाज वाढवते, पाठीमागून मारलेल्या हाकेला ओ देत नाही, ओठांकडे टक लावून पाहते, सतत 'हं?' करते, किंवा सर्दी झाली की अधिकच हट्टी वाटते, ही चिन्हे ध्यानात घ्यावीत.

आपल्या अनेक घरांत घराची भाषा वेगळी व बाजाराची वेगळी असते. दोन-तीन भाषा ऐकल्याने मूल मुके राहत नाही. त्याचे शब्द मोजताना सर्व भाषांतील शब्द एकत्र धरावेत. घरची भाषा बंद करणे हा त्यावरील उपाय नव्हे.

तेल, लसणीचा रस, कांड्या वा पिना कानात घालू नयेत. त्यांनी पडद्यामागचे पाणी निघत नाही, उलट पडदाच धोक्यात येतो. बाळाला आडवे झोपवून बाटली तोंडाशी देऊ नये. डोके उंच धरावे. पहिले सहा महिने केवळ अंगावरचे दूध, ही कानांचीही राखण आहे. घरात कोणी विडी-सिगारेट ओढत असेल, तर तो धूर बाळाच्या कानापर्यंत पोहोचतो, हे त्याला सांगावे.

शासनाची सोयही माहीत असावी. फेब्रुवारी २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी होते. कानाचे विकार, श्रवणदोष आणि भाषाविकासातील विलंब यांचा त्यात समावेश आहे. पथक अंगणवाडीत वर्षातून दोन वेळा येते आणि पुढील उपचार मोफत असतात. गंमत अशी की, आपली मुले बहुधा अंगणवाडीत जात नाहीत. गावातील शेतमजुराचे मूल जी तपासणी सहज करून घेते, ती दुकानदाराच्या मुलाची राहून जाते. मुंबईत वांद्रे येथे १९८३ पासून अली यावर जंग यांच्या नावाची राष्ट्रीय संस्था वाणी व श्रवणदोषांच्या क्षेत्रात काम करीत आहे. महाराष्ट्रातील कुटुंबांना तेथे तपासणी व मार्गदर्शन मिळते.

कान उघडले, पुढे काय?

कान मोकळे झाले की मूल दुसऱ्या दिवशी घडाघडा बोलू लागेल, ही अपेक्षा चुकीची आहे. हरवलेले महिने भरून काढावे लागतात. वाचा-उपचार तज्ज्ञांनी आम्हांला सांगितलेले नियम साधे होते. बोलताना मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर बसावे. आधी नाव घ्यावे, मग बोलावे. टीव्ही बंद असावा. मूल 'दू' म्हणाले, तर चूक न काढता 'हो, दूध हवे' असे पूर्ण करून द्यावे. दुकानात गिऱ्हाईक सांभाळताना मुलाच्या हाती मोबाइल देण्यापेक्षा त्याला डाळ-तांदूळ दाखवून नावे सांगावीत. किराणा दुकानाएवढी शब्दांची शाळा दुसरी नाही.

दीड-दोन महिन्यांनी एका दुपारी तो गुळाच्या ढेपेसमोर उभा राहून म्हणाला, "गूल दे." तोलून दिलेल्या मालापेक्षा त्या दोन शब्दांचा हिशेब आमच्या घरात अधिक वेळा झाला. आज तो चार वर्षांचा होत आला आहे. 'र' अजून नीट जमत नाही, वाचा-उपचार चालू आहेत. पण दादाजींना प्रश्न विचारून भंडावून सोडतो.

आपल्याकडे गृहस्थाला 'श्रावक' म्हणतात. श्रवण करणारा तो श्रावक. जीवाच्या पाच इंद्रियांत कर्णेंद्रिय सर्वांत शेवटी येते आणि ते लाभले की जीव पंचेंद्रिय ठरतो. नातवाला लवकर नवकार म्हणता यावा, ही प्रत्येक आजी-आजोबांची इच्छा असते. तो त्याला ऐकू येतो ना, हे पाहणे त्याआधीचे कर्तव्य आहे.

गेल्या भाऊबीजेला बहीण पुन्हा आली, तेव्हा तो तिच्या मांडीवर बसून तिच्या श्रवणयंत्राला हात लावीत विचारत होता, "हे काय आहे?" तिने यंत्र काढून दाखवले आणि सांगितले, "याने मला ऐकू येतं." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "दादा, याला वेळेवर नेलंत." तिला मात्र वेळेवर कोणी नेले नव्हते, ते ती बोलली नाही. वाचकहो, आपल्या घरात, शेजारी किंवा दुकानावर येणाऱ्या एखाद्या कुटुंबात न बोलणारे मूल असेल, तर त्यांना एवढेच सांगा: आधी कान तपासून घ्या.