पंधराशे व्होल्ट की पंचवीस हजार?

समजा तुम्ही भुसावळ येथे रेल्वेत अभियंता आहात आणि रूळ स्लीपरला घट्ट धरून ठेवणारी एक नवी पकड तुम्हांला सुचली आहे. ती तुम्ही उद्यापासून वापरू शकाल का? नाही. रूळ भुसावळचे असले, तरी त्यांवरून धावणारी गाडी हावड्याचीही असते.

म्हणून तुमची सूचना लखनौला जाते. तेथे रेल्वेची संशोधन, अभिकल्प व मानक संस्था, म्हणजे आर. डी. एस. ओ., १९५७ पासून आहे. तिच्या आधी, १९३० पासून, हे काम एक केंद्रीय मानक कार्यालय करीत असे. लखनौचे तज्ज्ञ आराखडा तपासतात, प्रयोगशाळेत त्याची परीक्षा घेतात, मग थोड्याशा अंतरावर तो वापरून पाहतात. निरनिराळ्या विभागांचे वरिष्ठ अभियंते मानक समितीत बसून त्यावर वाद घालतात. शेवटचा शब्द दिल्लीच्या रेल्वे बोर्डाचा. यात वर्षे जातात. समिती म्हणजे दिरंगाई असे लोक म्हणतात, पण ते अर्धेच खरे आहे. कारण चुकलेले मानक साऱ्या देशभर चुकते.

याचे सर्वांत बोलके उदाहरण विजेचे आहे. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी मुंबईत कुर्ल्यापर्यंत पहिली विजेची गाडी धावली, ती १५०० व्होल्टच्या एकदिश, म्हणजे डी. सी. विजेवर. १९३० पर्यंत ही तार पुणे व इगतपुरीपर्यंत पोहोचली. पुढे हावड्याकडे ३००० व्होल्ट डी. सी. निवडले गेले. पण १९५७ मध्ये फ्रेंच रेल्वेच्या सल्ल्याने नवे मानक ठरले : २५,००० व्होल्ट, आणि तेही ए. सी.

असे का? वही काढा. इंजिनाला ३००० किलोवॅट शक्ती हवी आहे असे धरा; सोपेपणासाठी इतर बाबी सोडून देऊ. १५०० व्होल्टला प्रवाह लागेल २००० अँपिअर. २५,००० व्होल्टला केवळ १२० अँपिअर! तारेतील उष्णतेचा व्यय प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. म्हणजे तार तीच असेल, तर डी. सी. मध्ये व्यय सुमारे २७८ पट. म्हणूनच डी. सी. मार्गावर जाड तारा आणि थोड्याथोड्या अंतरावर उपकेंद्रे लागतात. ए. सी. चा दाब मात्र इंजिनातल्याच ट्रान्सफॉर्मरने उतरवता येतो.

मग मुंबईने लगेच बदल का केला नाही? लाखो प्रवासी रोज लोकलवर अवलंबून. गाड्या थांबवायच्या कशा? जुन्या सगळ्या लोकल डी. सी. च्या. शिवाय जास्त दाबाची तार पुलापासून अधिक दूर ठेवावी लागते, आणि मुंबईतले जुने पूल बुटके. सिग्नलची व्यवस्थाही बदलावी लागते. तोपर्यंत इगतपुरीला गाडीचे इंजिन बदलत असत. १९७५ पासून दोन्ही विजांवर चालणारी इंजिने आली, त्यांच्या 'डब्ल्यू. सी. ए. एम.' या नावातला 'सी' डी. सी. चा आणि 'ए' ए. सी. चा. पुढे तशाच लोकलही आल्या, तेव्हा कुठे एकेक टप्पा बदलता आला.

पश्चिम रेल्वेवर हे काम २०१२ मध्ये संपले, मध्य रेल्वेच्या मुख्य मार्गावर २०१५ मध्ये. शेवटची डी. सी. लोकल एप्रिल २०१६ मध्ये धावली, आणि तीही १९२५ च्याच हार्बर मार्गावर. त्याच वर्षी जानेवारीत सँडहर्स्ट रोड व भायखळा यांमधला हँकॉक पूल पाडला गेला. नव्या तारेला त्याची उंची पुरत नव्हती आणि त्याच्याखाली गाड्यांना वेग कमी करावा लागे.